चंद्र कुठल्या बाजूला आहे? साइ योइची यांची कारकीर्द

गेल्या हंगामात आमच्या युनिटवर तिसरी सहाय्यक म्हणून काम केलेल्या मुलीने विचारलं: "सर, जपानमधले दिग्दर्शक साइ योइची यांचे दोन सिनेमे पाहिले. एकात अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा आहे, दुसऱ्यात बायकामुलांना तुडवणारा बाप. दोन्ही २००४ सालचे! वडील कोरियन आणि आई जपानी, असं वाचलं. मग या माणसाकडे कोरियन समाजाचा दिग्दर्शक म्हणून बघायचं, की हातात येईल ते काम चोख करणारा धंद्यातला माणूस म्हणून? आणि पुढचं काय बघू?"

मी तेवीस वर्षं सहाय्यक दिग्दर्शक आहे, त्यातली बरीच पहिला सहाय्यक म्हणून गेली. त्यामुळे उत्तरही त्याच खुर्चीवरून देतो. समीक्षक साइंकडे ओळख, अस्मिता, विस्थापन या बाजूने येतात. ते चुकीचं नाही, पण तेवढ्याने कुत्र्याचा सिनेमा कुठून आला ते कळत नाही.

आधी नावाबद्दल, कारण अर्धी गोष्ट तिथेच आहे. त्यांच्या आडनावाचं अक्षर एकच, पण कोरियन माणूस ते 'छ्वे' असं वाचतो आणि जपानी माणूस 'साइ'. कोरियन उच्चारात पूर्ण नाव छ्वे यांग-इल. जपानमध्ये पिढ्यानपिढ्या राहिलेल्या कोरियन लोकांना तिथे 'झाइनिची' म्हणतात. त्यांतले कितीतरी जण बाहेर वावरताना एक जपानी नाव घेतात, शाळेत, नोकरीत, घर भाड्याने घेताना. सिनेमात आणि गाण्याच्या धंद्यात तर ही जुनी रीत. साइंनी तसं नाव घेतलं नाही. अक्षर कोरियन घराण्याचं ठेवलं आणि उच्चार जपानी. पडद्यावर श्रेयनामावलीत ते अक्षर दिसलं की जपानी प्रेक्षकाला हा माणूस कोण ते लगेच कळायचं. १९८३ साली पहिला सिनेमा हातात असताना हे करणं सोपं नव्हतं.

जन्म ६ जुलै १९४९, नागानो प्रांतात. जपानने १९१० साली कोरिया गिळला आणि १९४५ मध्ये युद्ध हरल्यावर सोडला. तेव्हा जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते. बहुतेक परत गेले, सहा लाखांच्या आसपास राहिले. २८ एप्रिल १९५२ ला सॅन फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला आणि त्या दिवशी या सगळ्यांचं जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेलं. कोणालाही विचारलं नाही. नागरिकत्वाचा कायदा तेव्हा बापाकडून चालायचा. आई जपानी असली तरी बाप कोरियन म्हणजे मूल परकं. उलट कोरियन नवऱ्याच्या घराण्याच्या नोंदवहीत ज्यांचं नाव चढलं होतं, अशा जपानी बायकाही त्या दिवशी स्वतःच्या देशात परक्या ठरल्या. आईकडूनही नागरिकत्व मिळायला १ जानेवारी १९८५ उजाडावं लागलं, तेव्हा साइ पस्तिशीत होते. म्हणून 'मिश्र वंशाचा' हा शब्द त्यांच्या बाबतीत जपून वापर. घरात दोन रक्तं असतील, पण सरकारी कागदावर बापाचंच चालायचं.

शाळा टोकियोतली कोरियन शाळा. नंतर छायाचित्रणाच्या शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला आणि ते अर्धवट सोडलं. मग लाइटच्या खात्यात मदतनीस, प्रॉपर्टीत, म्हणजे सेटवरच्या वस्तूंच्या खात्यात मदतनीस, आणि तिथून सहाय्यक दिग्दर्शक. आता तू कान दे, कारण हा तुझ्या कामाचा भाग आहे.

जपानी युनिटवर सहाय्यकांची उतरंड फार कडक असते. सगळ्यात वरचा 'चीफ', म्हणजे आपला पहिला सहाय्यक, वेळापत्रक सांभाळतो. दुसरा कपडे आणि गर्दीतली माणसं बघतो. तिसऱ्याकडे सेटवरच्या वस्तू आणि बहुधा क्लॅप, ज्याला ते 'काचिंको' म्हणतात. साइंनी नागिसा ओशिमा यांच्या 'आइ नो कोरीदा' (१९७६) या सिनेमावर चीफ म्हणून काम केलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. हा सिनेमा त्यातल्या उघड कामदृश्यांमुळे जगभर गाजला आणि त्याची पटकथा व छायाचित्रं छापलेलं पुस्तक जपानमध्ये कोर्टात गेलं. जपानच्या अश्लीलतेच्या कायद्यामुळे तो फ्रेंच निर्मात्याच्या पैशावर केला. शूटिंग बंद दाराआड क्योतोत आणि फिल्म धुवायला फ्रान्सला. पहिल्या सहाय्यकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते लक्षात घे. काल घेतलेला शॉट नीट आला की नाही ते आज बघायची सोय नाही. कंटिन्युइटी सगळी डोक्यात आणि वहीत. दाराबाहेर खबर गेली तर पोलीस. अशा सेटवर वेळापत्रक ज्याने चालवलं, त्याला नंतर कुठल्याही तंगीत, कुठल्याही निर्मात्यासमोर घाम फुटत नाही.

आणखी एक गोष्ट. ओशिमांनी कोरियन लोकांचा प्रश्न साठच्या दशकातच जपानी पडद्यावर आणला होता. जपानसाठी लढून जखमी झालेल्या आणि मग नागरिकत्व गेलं म्हणून पेन्शन नाकारलेल्या कोरियन सैनिकांवर त्यांनी १९६३ साली टीव्हीसाठी माहितीपट केला. १९६८ सालच्या 'कोशिकेइ'मध्ये फाशी देऊनही न मरणारा कोरियन तरुण होता. पण ओशिमांच्या सिनेमात कोरियन माणूस हा जपानला विचारलेला प्रश्न असतो. साइंच्या सिनेमात तो उधारी करतो, खोटं बोलतो, मुलींच्या मागे लागतो आणि महिनाअखेरीला त्याचे पैसे संपतात. माझ्या मते साइंचं खरं योगदान यातच आहे, आणि ते त्यांना सुरुवातीची दहा वर्षं कोरियन विषयाला हात न लावता मिळालं.

ती दहा वर्षं बघ. १९८१ मध्ये टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकेतून दिग्दर्शनाची सुरुवात. १९८३ मध्ये पहिला सिनेमा 'जुक्काइ नो मोसुकीतो', म्हणजे दहाव्या मजल्यावरचा डास. नाक्यावरच्या पोलीस चौकीतला मध्यमवयीन हवालदार. बढतीची परीक्षा पास होत नाही, घटस्फोट झालाय, पोटगी थकली आहे, बोटींच्या शर्यतींवर पैसे लावतो आणि सावकारी कंपन्यांकडून कर्जावर कर्ज काढतो. त्या काळी जपानमध्ये पगारदारांना भरमसाट व्याजाने पैसे देणाऱ्या 'साराकिन' कंपन्यांनी घरं बुडवली होती. त्यांना वेसण घालणारा कायदा त्याच वर्षी, १९८३ मध्ये झाला. सिनेमा तो विषय भाषणातून मांडत नाही. हवालदार पैसे मागायला जातो, त्याचा गणवेश बघून कारकून अदबीने बोलतो आणि तेवढ्याच अदबीने व्याज सांगतो. शेवटी हा पोलीस पोस्ट ऑफिस लुटायला जातो. रॉक गायक युया उचिदा यांनी ती भूमिका केली. बोटींच्या शर्यतीवर अंदाज सांगणारा एक माणूस थोडा वेळ दिसतो, तो बीट ताकेशी, म्हणजेच नट आणि पुढे दिग्दर्शक झालेले ताकेशी कितानो. हे नाव लक्षात ठेव, पुढे येणार आहे. सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गेला.

त्यानंतर निक्कात्सु या चित्रपट कंपनीसाठी एक कामुकपट, कादोकावा कंपनीसाठी काही सिनेमे, त्यांत नवीन नट्यांना पुढे आणण्यासाठी केलेलं कामही आलं. यांवर वेळ घालवला नाहीस तरी चालेल. पण 'ए साइन डेज' (१९८९) सोडू नकोस. ओकिनावा बेट १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. अमेरिकन सैनिकांनी कुठल्या बारमध्ये जायचं ते लष्कर ठरवायचं आणि स्वच्छतेच्या तपासणीत पास झालेल्या बारला 'ए' अक्षराची पाटी मिळायची. पाटी आहे तर गल्ला, पाटी काढली की उपासमार. अशा बारमध्ये गाणारी एक मुलगी, बाप अमेरिकन, आई तिथलीच, ही सिनेमाची नायिका. साइंनी स्वतःच्या घराची गोष्ट सांगण्याआधी दुसऱ्या टोकाच्या मिश्र मुलीची सांगितली. ओकिनावाकडे ते १९८५ मध्ये गेले होते, १९९९ मध्ये पुन्हा गेले. टोकियोवाल्यांना जपानची कड वाटणाऱ्या त्या बेटांवर हा माणूस स्वस्थ असायचा, असं ते सिनेमे बघताना जाणवतं.

मग १९९३. 'त्सुकी वा दोच्ची नि देतेइरु'. अर्थ: चंद्र कुठल्या बाजूला आहे? आधी उपग्रह वाहिनीसाठी छोटा सिनेमा केला होता, मग हा मोठा. मूळ कथा यांग सोगिल या लेखकाच्या, ज्यांनी स्वतः टोकियोत टॅक्सी चालवली होती. पटकथा साइ आणि नाटककार चोंग विशिन यांची, निर्माता ली बोंग-ऊ. लेखक, पटकथाकार, दिग्दर्शक, निर्माता असे चौघेही झाइनिची. जपानी सिनेमात हे अपूर्व होतं. त्या वर्षी किनेमा जुंपो या जुन्या मासिकाने तो वर्षातला सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवला. माइनिची आणि ब्लू रिबन हे मानही त्यालाच मिळाले.

गोष्ट तादाओ नावाच्या कोरियन टॅक्सीवाल्याची आणि कॉनी या फिलिपिनो बारबालेची. टॅक्सी कंपनीचा मालक त्याचा कोरियन शाळेतला मित्र, डोळे मोठ्या पैशाकडे लागलेला. जपानच्या अर्थव्यवस्थेतला पैशाचा फुगा नुकताच फुटलाय. मी टॅक्सीत बरीच दृश्यं लावली आहेत, मुंबईच्या रस्त्यांवर, कॅमेरा बॉनेटवर बांधून, मागच्या सीटवर कोंबून. टॅक्सीचं दृश्य म्हटलं की आपण खिडकीबाहेरचं शहर दाखवतो. साइ टॅक्सीच्या आत बघतात. जपानी टॅक्सीत २०२३ पर्यंत ड्रायव्हरचं नाव आणि फोटो असलेलं कार्ड प्रवाशाला दिसेल असं लावावं लागायचं. म्हणजे टॅक्सी ही अशी जागा होती जिथे नाव लपवता येत नव्हतं. पाठीमागे बसलेला अनोळखी माणूस तुमचं आडनाव वाचतो, अडखळतो, चुकीचं उच्चारतो आणि मग कोरियन लोकांबद्दल आपलं मत सांगू लागतो. तुमची पाठ त्याच्याकडे असते, हात स्टिअरिंगवर आणि मीटर चालू. एक प्रवासी अशी गोड सहानुभूती दाखवतो आणि उतरताना पैसे न देता पळतो. तादाओ त्याच्यामागे धावतो. या दृश्यात एकही जादा कट नाही, एकही सूचक क्लोजअप नाही. बापड्याला भाडं हवंय, एवढंच साइ दाखवतात.

गॅरेजमध्ये एक सहकारी आहे, माजी बॉक्सर. तो तादाओला पुन्हा पुन्हा सांगतो की आपल्याला कोरियन लोक आवडत नाहीत, पण तू आवडतोस, आणि लगेच पैसे उसने मागतो. दुसरा दिग्दर्शक असता तर इथे त्या माणसाचा धिक्कार करून घेतला असता. साइ त्याला हाकलत नाहीत. तो गॅरेजमध्येच राहतो, कारण खऱ्या गॅरेजमध्येही तो राहतोच. आणि न्याय सगळ्यांना सारखा. तादाओची आई स्वतः परक्या देशात टक्केटोणपे खाऊन बार चालवते, उत्तर कोरियातल्या आपल्या माणसांना पार्सलं पाठवते. पण मुलाने फिलिपिनो मुलगी आणली की तिचा जीव खालीवर होतो. ज्यांना खाली ढकललं गेलं तेही कोणाला तरी खाली ढकलतात, हे साइ स्वतःच्या समाजाबद्दल दाखवू शकले. बाहेरच्याने दाखवलं असतं तर भांडण झालं असतं.

पुढची काही वर्षं धावती बघ. पोलीस तपासावरचा 'मार्क्स नो यामा' (१९९५), फसवणूक हाच घरचा धंदा असलेल्या कुटुंबाचा 'टोकियो डिलक्स' (१९९५), शिंजुकूच्या गल्ल्यांतला 'इनु, हाशिरु' (१९९८). आणि मग २००२ साली एक रत्न: 'केइमुशो नो नाका', तुरुंगाच्या आत.

चित्रकथाकार काझुइची हानावा यांना बेकायदा बंदुका बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. बाहेर आल्यावर त्यांनी तुरुंगावर चित्रकथा काढली. त्यावरचा हा सिनेमा. मारामारी नाही, पळून जाण्याची योजना नाही, क्रूर जेलर नाही. पाच कैद्यांची कोठडी, रोजचं जेवण आणि नियम. कामावर असताना खाली पडलेलं खोडरबर उचलायचं तर हात वर करून "नेगाइमासु!" असं ओरडून परवानगी मागायची. "विनंती आहे!" असा त्याचा अर्थ. ती हाक सिनेमाभर येत राहते. आधी हसू येतं. मग ती इतकी सवयीची होते की नायक त्या शिस्तीत सुखी झालाय हे आपल्याला उशिरा कळतं, आणि तेव्हा पोटात गोळा येतो. नवीन वर्षाच्या जेवणाचं ताट ज्या लाडाने दाखवलंय, ते प्रॉपर्टी खात्यातून वर आलेल्या माणसालाच सुचेल. सेटवरच्या वस्तूंची जबाबदारी कधी घेतली असेल, तर त्या ताटातला प्रत्येक पदार्थ कोणी, कसा, किती वेळा मांडला असेल ते तुला दिसेल.

आता तुझं २००४. 'क्विल' हा वाटाड्या कुत्र्यावरचा सिनेमा. त्यावरचं छायाचित्रांचं पुस्तक आधीच घराघरांत पोचलं होतं, सिनेमाही चालला. आपल्याकडे असं काम म्हणजे 'पोटासाठी केलं' म्हणून सोडून देतात. मी तसं करणार नाही. तो पुन्हा बघ आणि प्रशिक्षणाची दृश्यं बघ. तिथेही नियमच आहेत, आज्ञा आणि पाळणं, आणि एक चिडका अंध माणूस, ज्याला कोणाच्या आधाराने चालायचं नाही. साइ कुत्र्याला माणसासारखं वागायला लावत नाहीत, रडवायची घाईही करत नाहीत.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात 'ची तो होने', रक्त आणि हाडं. पुन्हा यांग सोगिल यांची कादंबरी, पुन्हा चोंग विशिन. १९२३ साली कोरियाच्या जेजू बेटावरून ओसाकाला येणाऱ्या जहाजाच्या डेकवर तरुण किम शुनपेइ उभा आहे, समोर कारखान्यांची धुराडी दिसतात आणि सगळ्यांचे चेहरे फुलतात. पुढचे दोन तास आपण बघतो ते त्या मुलाचं झालेलं जनावर. माशाच्या वड्यांचा कारखाना काढतो, कामगारांना पिळतो, सावकारी करतो, बायकोवर बलात्कार करतो, घर फोडतो. अळ्या पडलेलं मांस कचाकच खातो आणि ताकद कमावतो. बीट ताकेशी, जे एरवी स्वतःच स्वतःला दिग्दर्शित करतात, त्यांनी इथे स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवलं. मधल्या काळात, १९९९ मध्ये, ओशिमांच्या शेवटच्या 'गोहात्तो' या सिनेमात साइ आणि ताकेशी दोघे नट म्हणून समोरासमोर होते. साइ सामुराई तुकडीचे प्रमुख कोंदो इसामी आणि ताकेशी त्यांचे दुय्यम. पाच वर्षांनी खुर्च्या बदलल्या. या सिनेमासाठी साइंना जपान अकादमीचा सर्वोत्तम दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, बायकोची भूमिका करणाऱ्या क्योका सुझुकी यांना अभिनेत्रीचा.

काही झाइनिची प्रेक्षकांना असा बाप दाखवणं खुपणार हे उघड होतं. साइंनी शुनपेइला कुठेही सूट दिली नाही. गोऱ्या साहेबाने केलं, जपान्याने केलं, म्हणून तो असा झाला, असं वाक्य कोणाच्याही तोंडी नाही. पण गल्ली बघ. ओसाकातली कोरियन गल्ली तीस-चाळीस वर्षं आपल्यासमोर म्हातारी होते. युद्ध येतं, झेंडे बदलतात, उत्तर कोरियाला जाणारी माणसं निघतात. एकच सेट इतक्या काळातून नेणं म्हणजे कला विभागाची आणि सहाय्यकांची कसोटी. दारावरचा पत्रा कधी गंजला, दिवा कधी आला, डुक्कर कुठे कापतात, सगळं हिशेबात आहे. इतिहास त्या पत्र्यात आहे, म्हणून संवादांत आणायची गरज पडली नाही.

२००७ मध्ये ते दक्षिण कोरियात जाऊन 'सू' हा सूडपट करून आले. मला तो जमलेला वाटत नाही. रक्त खूप, माणसं कमी. तिथल्या भाषेतल्या गल्लीची त्यांना तितकी ओळख नव्हती, असं माझं मत. २००९ चा 'कामुई गाइदेन' हा मोठ्या खर्चाचा निंजापट. सानपेई शिरातो यांच्या चित्रकथेतला कामुई समाजाने माणसांत न धरलेल्या जातीत जन्मलेला, टोळी सोडून पळणारा. विषय साइंचाच होता, पण संगणकावरच्या करामतींनी तो दबला. त्यानंतर त्यांनी कथापट केला नाही. २७ नोव्हेंबर २०२२ ला कर्करोगाने ते गेले, वय ७३.

मधली तेरा वर्षं मात्र रिकामी नव्हती. २००४ पासून ते जपानच्या दिग्दर्शक संघटनेचे अध्यक्ष होते, २०२२ पर्यंत. ही संघटना १९३६ ची. मिझोगुची आणि ओझू या थोर जुन्या दिग्दर्शकांनी ते पद भूषवलेलं, ओशिमांनी १९८० पासून सोळा वर्षं. ज्याला जन्माने मतदानाचाही हक्क मिळाला नाही, जपानी नागरिकत्व ज्याने पुढेही घेतलं नाही, त्याला जपानी दिग्दर्शकांनी अठरा वर्षं आपला प्रमुख मानलं. त्यांच्यामागून ली सांग-इल, यांग योंग-ही असे झाइनिची दिग्दर्शक आले. २००५ साली ऑस्करसाठी जपानने 'ची तो होने' पाठवला, २००६ साली ली सांग-इल यांचा 'हुला गर्ल्स', २०१२ साली यांग योंग-ही यांचा 'काझोकु नो कुनी'.

तर तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर: दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. पोलीस चौकी, 'ए'ची पाटी लागलेला बार, टॅक्सीचं गॅरेज, कोठडी, कुत्र्यांची शाळा, ओसाकाची गल्ली. साइ प्रत्येक वेळी नियमांनी बांधलेल्या जागेत जातात आणि आत कोण कसं जगतं ते बघतात. परक्याचा दाखला खिशात घेऊन वाढलेल्या माणसाला नियम कुठे सुरू होतो ते आधी दिसतं. आणि खालच्या खात्यांतून वर आल्यामुळे ती जागा उभी कशी करायची ते त्यांना ठाऊक होतं.

पुढे बघताना हा क्रम धर: आधी 'चंद्र', मग 'तुरुंग', मग 'डास', आणि 'रक्त आणि हाडं' पुन्हा एकदा, या वेळी आवाज बंद करून फक्त गल्लीसाठी. 'चंद्र'मध्ये रस्ता चुकणारा एक ड्रायव्हर आहे. रात्री तो कुठूनतरी ऑफिसला फोन करतो, मी कुठे आहे तेच कळत नाही म्हणतो. पलीकडचा माणूस त्याला सांगतो, चंद्र कुठल्या बाजूला आहे बघ आणि त्या दिशेने ये. तो ड्रायव्हर जपानी आहे. पहिल्यांदा बघताना माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.